फाडू नका, चिठ्ठी लावा!

हॅम्बुर्ग बंदरातल्या ब्लोम उंड फॉस या जहाजांच्या कारखान्यात १९३६ सालच्या जून महिन्यात एक नवे जहाज पाण्यात सोडण्याचा समारंभ झाला. त्या दिवशीचे एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. शेकडो कामगार उजवा हात पुढे ताणून हिटलरशाहीला सलाम ठोकीत आहेत, आणि त्या हातांच्या रानात एकच गडी छातीवर हाताची घडी घालून स्वस्थ उभा आहे. हा गडी म्हणजे ऑगस्ट लांडमेसर असावा, असे मानतात. मुजरा नाकारणाऱ्या माणसाचे याहून बोलके चित्र क्वचितच सापडेल.

आता ८३ वर्षे ओलांडून दिल्लीला या. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरचे खाते एकाएकी बंद झाले. अपराध कोणता? तर खात्याच्या माथ्यावर त्यांनी हेच छायाचित्र लावले होते! द्वेष पसरवणाऱ्या चित्रांना आमच्याकडे थारा नाही, असा ट्विटरचा नियम होता. नियम वाईट म्हणता येणार नाही. पण तो लावणाऱ्याला, मग तो माणूस असो की यंत्र, शंभर ताठ हात दिसले आणि घडी घातलेले दोन हात दिसले नाहीत. खाते पुन्हा उघडले, आणि एका हिंदी कवितेविषयीच्या जुन्या मजकुरावरून लगोलग पुन्हा मिटले. हेगड्यांनी कायदेशीर नोटीस धाडली. त्यांच्या निमित्ताने पुष्कळ भारतीय मंडळींनी ट्विटरवरचे बिऱ्हाड हलवून मॅस्टोडॉन नावाच्या दुसऱ्या जाळ्यावर थाटले.

"मग असला पहारा हवाच कशाला? ज्याला जे लिहायचे ते लिहू द्यावे!" असे म्हणणारे भोळे सांब प्रत्येक चाळीत एक-दोन असतातच. त्यांनी एखाद्या लिहित्या-बोलत्या मुलीची आठवड्याभराची टपालपेटी उघडून पाहावी. धमक्या, आईबहिणींचा उद्धार, तोंड एकीचे आणि अंग दुसरीचे अशी खोटी छायाचित्रे. हे सोसवेना म्हणून शहाणी माणसे गप्प बसतात आणि आरडाओरडा करणारी तेवढी उरतात. तेव्हा पहारा हवा, यात दोन मते नकोत. पहारेकरी कोणाचा, त्याचे नाव काय, आणि तो चुकला तर दाद कोणाकडे मागायची, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या नाटकवेड्या महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर परीनिरीक्षण मंडळाने कात्री चालवली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकून आले. मंडळ बरे की वाईट, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. पण त्या मंडळाला निदान कचेरी होती, दारावर पाटी होती आणि त्याच्या डोक्यावर न्यायमूर्ती बसलेले होते. समाजमाध्यमांच्या कात्रीला यातले काय आहे? मजकूर गेला की गेला. कोणी कापला, का कापला, याचा पत्ता लागता लागत नाही.

कात्रीऐवजी चिठ्ठी

ब्लूस्काय नावाच्या जाळ्याने या कात्रीला एक पर्याय काढला आहे आणि तो मोठा नामी आहे. २०१९ च्याच डिसेंबरात ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी जाहीर केले, की पाच जणांपर्यंतची एक छोटी तुकडी निराळ्या धर्तीचे, कोणा एकाच्या मालकीचे नसलेले जाळे कसे विणता येईल ते शोधील. २०२१ साली त्याची सूत्रे जे ग्रेबर या तरुण बाईंच्या हाती आली. पुढे ब्लूस्काय ट्विटरपासून वेगळे झाले आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या पुढच्याच महिन्यात या मंडळींनी आपल्या पहाऱ्याचे यंत्र, त्याच्या सगळ्या आराखड्यांसह, जगाला फुकट देऊन टाकले. या यंत्राचे नाव ओझोन. ब्लूस्कायचे पगारी पहारेकरी जे यंत्र वापरतात तेच तुम्ही आपल्या घरी मांडू शकता!

हे यंत्र करते काय? औषधांच्या दुकानात काही बाटल्यांवर 'विष' अशी लाल चिठ्ठी असते. बाटली कोणी फोडून टाकीत नाही. चिठ्ठी वाचून ज्याने त्याने ठरवायचे. ओझोनचा कारभार असाच आहे. हे यंत्र चालवणाऱ्याला लेबलर म्हणतात. एखादा मजकूर शिवीगाळीचा, फसवणुकीचा वा रक्तपाताचा वाटला, तर लेबलर त्याला तशी चिठ्ठी लावतो. ज्या वाचकांनी त्या लेबलरची वर्गणी लावली आहे (पैसे नाहीत हो, नुसते नाव नोंदवायचे!) त्यांना तो मजकूर पडद्याआड दिसतो. पडदा ठेवायचा, मजकूर साफ लपवायचा, की चिठ्ठीकडे काणाडोळा करायचा, हे वाचकाच्या हाती. ब्लूस्काय कंपनीचा स्वतःचा लेबलर तिच्या ॲपमध्ये सर्वांना असतोच; त्यावर आपल्या पसंतीचे आणखी वीसपर्यंत लावता येतात.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळींनी याचा चांगला उपयोग करून दाखवला आहे. रूडी फ्रेझर नावाच्या गृहस्थांनी ब्लॅकस्काय हा उपक्रम उभारला. कृष्णवर्णीयांचा छळ, त्यांच्या स्त्रियांविषयी केलेली खास हिणकस भाषा, हे सारे ओळखून त्यावर चिठ्ठी लावण्याचे काम त्यांची स्वतःची माणसे करतात. बाहेरच्या पगारी माणसाला जे बोलणे साधे वाटेल, त्यातला डंख ज्याला बसतो त्यालाच तो कळतो.

मांडामांड

वाचकांपैकी ज्यांच्या घरी संगणकाचे शिक्षण घेतलेला मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी पुढचा भाग त्यांना वाचून दाखवावा.

लेबलरसाठी ब्लूस्कायवर खाते निराळे काढायचे. आपल्या रोजच्या, भाचीच्या लग्नाचे फोटो लावण्याच्या खात्याला पहारेकरी करू नये. पहारेकऱ्यावर लोक रागावतात, आणि तो राग भाचीच्या फोटोंखाली उतरतो. मग एक डोमेन, म्हणजे जाळ्यावरचा पत्ता, आणि भाड्याने घेतलेला एक छोटा सर्व्हर, म्हणजे कुठेतरी अष्टौप्रहर जागा असलेला संगणक. लहान मंडळाला लहानच पुरतो. त्याचे महिन्याचे भाडे साधारण घरच्या ब्रॉडबँडच्या बिलाइतके येते. पत्ता सर्व्हरकडे वळवायचा आणि सर्व्हरची ८० आणि ४४३ या क्रमांकांची दोन दारे उघडी ठेवायची.

त्यावर डॉकर नावाच्या सोयीने तीन कामकरी बसवतात. ओझोन स्वतः, तक्रारी आणि निकाल यांचे चोपडे सांभाळणारा कारकून, पोस्टग्रेस, आणि दारावरचा भालदार, कॅडी, जो येणाऱ्याजाणाऱ्याचे बोलणे कुलूपबंद राखण्याचे प्रमाणपत्र आपले आपण आणतो आणि मुदत संपण्यापूर्वी नवे करून घेतो. डॉकरची गंमत अशी, की हे तिघे तयार मसाल्याच्या पुड्यांसारखे आयते मिळतात. कुटायला बसावे लागत नाही.

यानंतर एक गुप्त किल्ली करायची. लेबलरच्या प्रत्येक चिठ्ठीवर या किल्लीची सही उमटते: चिठ्ठी कोणाची, कशावर, केव्हा लावली, सारे तिच्यात असते. ही किल्ली चोराच्या हाती पडली तर तुमच्या सहीने तो गावभर हव्या त्या चिठ्ठ्या डकवीत सुटेल. ती सर्व्हरबाहेर एका सुरक्षित जागी लिहून ठेवावी, व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नये. मग ब्राउझरमधून ओझोनमध्ये शिरायचे. हे खाते अजून लेबलर झालेले नाही, असे ते सांगते आणि तुमच्या ईमेलवर एक खुणेचा शब्द येतो. तो भरला की खात्याच्या ओळखपत्रात यंत्राचा पत्ता आणि किल्लीची उघडी बाजू नोंदली जाते. जाळ्याला आता कळले, की अमुक ठिकाणी एक नवी चौकी उघडली आहे. चोपड्याची नक्कल रोज दुसऱ्या जागी काढून ठेवण्याची व्यवस्था त्याच दिवशी करावी. 'उद्या करू' म्हणणाऱ्यांचा उद्या कधी उगवत नाही.

जाणत्या माणसाला हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. खरी कसोटी यापुढे.

'बघून घेईन' म्हणजे काय?

ओझोन तुम्हाला विचारते, की तुमच्या चिठ्ठ्या कोणत्या? प्रत्येकीला नाव द्या, अर्थ सांगा; नुसती माहिती द्यायची की इशारा, सगळा मजकूर झाकायचा की फक्त चित्र, तेही ठरवा. नावे आणि अर्थ निरनिराळ्या भाषांत देता येतात, मराठीतही. इथे 'अपमानकारक' किंवा 'त्रासदायक' असा ऐसपैस शब्द लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम असल्याच शब्दांचे बनलेले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली तेव्हा पालघरच्या एका मुलीने त्याविषयी फेसबुकवर शंका विचारली, तिच्या मैत्रिणीने ती नुसती पसंत केली, आणि दोघींना अटक झाली. ते पाहून श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. त्यातल्या शब्दांना काठ नव्हता, हे एक मुख्य कारण. सरकारला जे साधले नाही ते आपल्या घरगुती लेबलरला साधेल, या भ्रमात कोणी राहू नये. 'एखाद्या व्यक्तीच्या घरचा पत्ता वा फोन तिच्या परवानगीवाचून दिला आहे' अशी चिठ्ठी लावणारे दहा जण दहा वेळा एकच निकाल देतील. 'वाईट भाषा' या चिठ्ठीवर दोघांचे एकमत व्हायचे नाही.

आणि आपली मराठी तर काय वर्णावी! 'बघून घेईन तुला' याचे शब्दशः इंग्रजी केले तर कोणी तरी भेटीला येतो आहे असे वाटेल. इथल्या पोरालाही ठाऊक आहे, की ती धमकी आहे. उलट कोकणातली एखादी म्हातारी लाडक्या नातवाला "मेल्या, होतास कुठे इतके दिवस?" म्हणाली, तर यंत्राला खुनाचा वास येईल. 'फारच शहाणे आहात' ही स्तुती नव्हे, हे कोणत्या कोशात लिहिले आहे? जातीचे नाव शिवीसारखे तोंडावर फेकले जाते, आणि तेच नाव दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये जगलेल्या दुःखाची साक्ष म्हणून येते. शब्द पाहून चिठ्ठी लावणारे यंत्र दोन्हींना एकच चिठ्ठी लावील. हेगड्यांच्या छायाचित्राचा प्रकार तो हाच. भरीला रोमन लिपीत मराठी लिहिण्याची तऱ्हा आणि शिवीच्या पोटात टिंबे-तारे घालण्याची युक्ती. यंत्राने संशयित मजकूर पुढ्यात आणून द्यावा, इथपर्यंत ठीक. निकाल माणसानेच द्यावा, आणि तो माणूस त्या बोलीत वाढलेला असावा.

हे किती अडते, ते २०२४ च्या ऑगस्टअखेर दिसले. ब्राझीलमध्ये एक्सवर, म्हणजे नाव बदललेल्या ट्विटरवर, बंदी आली आणि पोर्तुगीज बोलणाऱ्यांचा लोंढा ब्लूस्कायवर लोटला. तक्रारी दिवसाला ५० हजारांवर गेल्या. त्या वाचायला पोर्तुगीज जाणणारी माणसे पुरेशी नव्हती. तक्रारींचा ढीग साचला आणि कंपनीला धावपळ करून तशी माणसे जमवावी लागली. उद्या नागपूर-पुण्याची मंडळी असाच तांडा घेऊन निघाली, तर पलीकडे 'मेल्या' समजणारे कोणी बसलेले असेल का?

पाळ्या कोणी करायच्या?

ब्लूस्कायकडे २०२३ साली ३ लाख ५८ हजार तक्रारी आल्या होत्या. २०२४ मध्ये त्या ६४ लाख ८० हजारांवर गेल्या, आणि त्यांच्यासाठी सुमारे शंभर पहारेकरी होते. तुमच्या छोट्या चौकीवर एवढी गर्दी होणार नाही. पण रोज पाच-पन्नास तक्रारी आल्या तरी त्या वाचायला कोणी तरी बसावे लागते. ओझोनमध्ये तक्रारींची रांग दिसते. उघडी, वरिष्ठांकडे धाडलेली, निकाली काढलेली, अशी तिची वर्गवारी होते आणि पूर्वी त्याच माणसाविषयी काय ठरले होते तेही समोर येते. कामाची विभागणीही करता येते: काहींनी तक्रारी चाळून पुढे धाडाव्यात, काहींनी निकाल द्यावा, एखाद्याकडे सगळ्या किल्ल्या असाव्यात. सगळ्याच किल्ल्या एकाकडे असल्या तर त्याच्या आजारपणात चौकी ओस पडते, आणि त्याचे डोके फिरले तर गाव वेठीला धरले जाते.

हे काम मनाला फार लागते. दिवसभर माणसांचे ओंगळ रूप पाहून आजारी पडलेल्या अमेरिकेतल्या पहारेकऱ्यांनी फेसबुकवर दावा लावला होता. २०२० साली कंपनीने ५ कोटी २० लाख डॉलर मोजून तो मिटवला. आपल्या मंडळातला एखादा उत्साही विद्यार्थी रात्री दोनपर्यंत एकटाच तक्रारी निकालात काढतो, हे ऐकून त्याची पाठ थोपटू नका. त्याला झोपायला पाठवा. चित्रे अंधुक करून, शक्य तर काळीपांढरी करून पाहावी. रंगीत रक्त जास्त वेळ डोळ्यांपुढे राहते.

लहान मुलांच्या लैंगिक छळाचे चित्र पुढ्यात आले तर त्याला चिठ्ठी लावीत बसू नये, आणि पुरावा म्हणून त्याची नक्कलही काढून ठेवू नये. असे साहित्य जवळ बाळगणे हाच आपल्याकडे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. मजकुराचा पत्ता तेवढा टिपून घ्यावा, केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार करावी आणि जाळ्याच्या चालकांना कळवावे. मजकूर जाळ्यावरून काढण्याची सत्ता त्यांच्याकडे आहे; दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे एक अक्षरही पुसण्याची सत्ता लेबलरकडे नाही.

ही सत्ता नसणे मला या योजनेतला सर्वांत चांगला भाग वाटतो, पण म्हणून चिठ्ठी निरुपद्रवी असते असे नाही. चिठ्ठ्या जाहीर असतात. ज्याला त्या शोधायच्या त्याला शोधता येतात. एखाद्या मजकुराला 'या बातमीला आधार दिलेला नाही' म्हणणे वेगळे, आणि एखाद्या माणसाच्या नावापुढे 'खोटारडा' असे कायमचे डकवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अब्रुनुकसानीचा खटला उभा राहू शकतो; भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाने तो फौजदारी गुन्हा आहे. कायद्याचे सोडले तरी, माणसाच्या कपाळावर जन्मभराची चिठ्ठी लावण्यात आपला समाज आधीच पुरेसा तरबेज आहे. शक्य तोवर मजकुराला चिठ्ठी लावावी, माणसाला नव्हे. माणसाला लावणे भागच पडले तर मुदतीची लावावी. तशी सोय आहे.

ज्याला चिठ्ठी लागली त्याला फेरविचार मागण्याचा हक्क द्यावा. २०२१ च्या सरकारी नियमांनी समाजमाध्यमांना तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत देण्याची अट घातली होती. घरगुती चौकीने तेवढी तरी शिस्त स्वतःला लावून घ्यावी, आणि फेरविचार ज्याने चिठ्ठी लावली त्याने न करता दुसऱ्याने करावा. चूक निघाली तर चिठ्ठी रद्द करता येते, आणि रद्द केल्याचीही सहीनिशी चिठ्ठीच निघते. तेव्हा लाजेपोटी गुपचूप खोडाखोड करण्याची सोय इथे नाही, हे एक बरे आहे.

चौकी उघडण्यापूर्वी चार-पाच जणांनी पाळ्यांचा तक्ता करावा. रविवार कोणाचा, परीक्षेच्या दिवसांत कोणाचा, सारे त्यात यावे. नरकचतुर्दशीच्या पहाटे, घराघरांत उटण्याचा वास दरवळत असताना, जाळ्यावर फटाक्यांवरून भांडण जुंपणार हे ठरलेलेच आहे. त्या दिवशी अभ्यंगस्नान उरकून आधी कोणी बसायचे, ते वसुबारसेपूर्वीच लिहून काढा आणि तो कागद संगणकाशेजारी चिकटवून ठेवा.